कुठला विचारता राहू म्हणतो

मरियम आत्या आयर्लंडहून पहिल्यांदा सुट्टीवर घरी आली, ते साल २०२३. ती तिकडे एका दवाखान्यात नर्स आहे. मे महिना होता. शिरूरच्या उन्हात अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नव्हता, आणि ओसरीत बसलेल्या दानिएल आजोबांना काही केल्या थुंकता येत नव्हतं.

"अजून एवढी भरायची आहे, अप्पा," आत्या बोटभर लांबीची काचेसारखी नळी उजेडात धरून म्हणाली. "ही बघा रेघ. इथपर्यंत."

"तोंडच कोरडं पडलंय गं. पाणी दे की घोटभर."

"पाणी नाही चालत. अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही."

तेरा वर्षांचा नोएल आणि अकरा वर्षांची प्रिन्सी, आजोबांची नातवंडं, दोन्ही बाजूंनी नळीकडे बघत होती. शेजारची पूनम कुंपणावर कोपर टेकून उभी होती. ती नोएलच्याच वर्गात होती आणि तिला कुणी बोलवावं लागत नसे.

"कैरी दाखवा त्यांना," पूनम म्हणाली. "खायला नको द्यायला. नुसती समोर कापा, वर तिखट-मीठ लावा."

नोएलनं आजोबांच्या नाकासमोर कैरी कापली. आजोबांनी एकदा आवंढा गिळला.

"गिळू नका, अप्पा. नळीत," आत्या ओरडली.

पाच मिनिटांत नळी रेघेपर्यंत भरली. कैरी पूनमनं खाल्ली. सल्ला तिचा होता, म्हणून कुणी काही बोललं नाही.

"एवढ्या थुंकीत काय कळणार?" प्रिन्सीनं विचारलं.

"आपल्या शरीराच्या प्रत्येक कणात आपल्या आईबापांचा अर्धा-अर्धा भाग असतो," आत्या म्हणाली. "त्याला डीएनए म्हणतात. ही नळी मी तिकडे एका कंपनीला पाठवणार. जगभर लाखो लोकांनी अशा नळ्या दिल्यात. त्यांच्यातल्या कुणाचा डीएनए अप्पांशी जुळला, तर कळेल की हा अप्पांच्या रक्ताचा."

आजोबांच्या रक्ताचं माणूस या घराखेरीज जगात कुठं असेल, याचा विचार मुलांनी कधी केला नव्हता.

आजोबा नदीकाठच्या मिशनच्या बोर्डिंगमध्ये वाढले होते. बावन्न सालच्या दुष्काळात बोर्डिंगच्या मेट्रन सुलक्षणाबाई यांना ते बाजारतळावर एकटे सापडले. वय चार असावं. दानिएल हे नाव त्याच बाईंनी ठेवलं. ती गोष्ट आजोबांनी मुलांना कितीदा तरी सांगितली होती, आणि तिचा शेवट नेहमी एकच असायचा.

"बाईंनी विचारलं, कुठला रे तू? तर मी म्हणालो म्हणे, राहतो. बाई हसून सांगायच्या, दानिएल, तू आपणहून राहिलास." आजोबा इथं थांबायचे. त्या दिवशी मात्र थांबले नाहीत. "चार वर्षांचं पोर आई मागत न्हाई, घर मागत न्हाई, राहतो म्हणतंय. म्हंजी घरात त्याला काय असंल? मरियम, मला जमीन नगो, जात नगो, काही नगो. मला टाकलं, का मी हरवलो, एवढं एकच कळू दे मरायच्या आधी."

आत्यानं नळीचं झाकण घट्ट लावलं आणि ती पिशवीत ठेवली. आजोबांना स्वतःची ई-मेल नव्हती, म्हणून निकाल ज्यावर यायचा तिथं तिनं मुलांच्या पप्पांची, सायमनची घातली.

पावसाळा गेला. दिवाळीची सुट्टी लागली. वसुबारसेच्या दिवशी आत्याचा फोन आला. "अरे, सहा महिने होत आले. निकालाचं काय?"

"मला काही आलेलं नाही," पप्पा म्हणाले. पप्पा रांजणगावच्या एमआयडीसीत सुपरवायझर होते. रात्रपाळी करून आले होते, डोळे तांबडे झाले होते. फोन टेबलावर ठेवून ते आत जाऊन झोपले.

प्रिन्सीला फोनचा पासवर्ड माहीत होता. पप्पांना वाटायचं की तो कुणालाच माहीत नाही.

"असं दुसऱ्याचं मेल बघतात का?" नोएल म्हणाला.

"निकाल आजोबांचा आहे. पप्पांचा कुठं?" प्रिन्सी म्हणाली.

तिघं पायरीवर बसली. येणाऱ्या मेलमध्ये काही नव्हतं. पूनम म्हणाली, "कचऱ्याच्या डब्यात बघ." तिथं कर्जाच्या जाहिराती होत्या, बुटांच्या होत्या, आणि त्यांच्या खाली एक ओळ होती. इंग्रजीत लिहिलं होतं : राहू, अर्जंट.

"हे ज्योतिषाचं असेल," नोएल म्हणाला. "राहू, केतू, शनी. पप्पांना रोज येतात. ते ओरडत असतात, मी चर्चला जाणारा माणूस, मला यांनी कुठून धरलं."

"उघड तर आधी," पूनम म्हणाली.

आत ज्योतिष नव्हतं. विश्वजीत नावाच्या माणसाचं पत्र होतं. प्रिन्सीनं हळूहळू अर्थ लावत वाचलं.

"कंपनीमार्फत पाठवलेला हा माझा तिसरा निरोप आहे. तुमच्या घरातले दानिएल आणि मी, आमचा साडेबारा टक्के डीएनए जुळतो. आमचं गाव राहू, तालुका दौंड. माझी आजी धुरपदाबाई ऐंशी वर्षांची आहे. तिचा धाकटा भाऊ बावन्नच्या दुष्काळात शिरूरच्या बाजारात हरवला. तिचाच डीएनए पाठवणार होतो, पण ती म्हणते थुंकी परक्याला देऊ नये, करणी करतात. म्हणून मी माझा दिला. कृपा करून उत्तर द्या. आजीची आठवण दर महिन्याला कमी होत चालली आहे. फार दिवस नाहीत." खाली फोन नंबर होता.

मग पूनमनं रांगोळीचा खडू उचलला आणि पायरीवर लिहायला लागली. "सख्ख्या भाऊ-बहिणीचं साधारण पन्नास टक्के जुळतं. बहिणीच्या मुलाशी त्याच्या निम्मं, पंचवीस. तिच्या नातवाशी त्याच्या निम्मं."

"साडेबारा," नोएल म्हणाला.

"गणितात पहिल्यांदा तुझं उत्तर बरोबर आलं."

पप्पा दुपारी उठले, तेव्हा तिघं त्यांच्या खाटेसमोर ओळीनं उभी होती. पप्पांनी पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा उतरला.

"राहू गाव मला माहीत आहे रे," ते म्हणाले. "दरवर्षी तिथल्या गुऱ्हाळावरून गूळ आणतो आपण. पण इंग्रजीत राहू, आणि वर अर्जंट. मला वाटलं, ग्रहशांती. कंपनीचं मेलही जाहिरात समजून पुसलं असेल."

"मग फोन लावा ना त्यांना. आजोबांना सांगू," प्रिन्सी म्हणाली.

"थांब." पप्पांनी दार लोटलं आणि आवाज खाली केला. "अप्पांना एवढ्यात सांगायचं नाही. त्यांची अँजिओप्लास्टी झालीय, विसरू नका."

"पण पत्रात 'हरवला' लिहिलंय," नोएल म्हणाला.

"बाळा, टाकलेल्या पोराला कुणी टाकलं म्हणतं का? दुष्काळात किती जणांनी मुलं अशी सोडली. घरी परत आल्यावर सगळे हरवलं म्हणूनच सांगतात. पुढं तेच खरं वाटायला लागतं. अप्पांना आशा लावायची, आणि तिथं जाऊन कुणी खरं बोललं तर? पहिल्यांदा खात्री. दिवाळी झाल्यावर बघू."

पप्पांचं बोलणं खोटं नव्हतं. मुलं अंगणात जाऊन बसली.

"खात्री कशी करायची?" प्रिन्सी म्हणाली. "सत्तर वर्षांपूर्वीचं कोण सांगणार?"

"बोर्डिंगमध्ये मुलगा घेतला तर कुठं तरी लिहिलं असेलच," पूनम म्हणाली. "शाळेत आपला साधा दात पडला तरी लिहून ठेवतात."

घोडनदीच्या काठची बोर्डिंग पंधरा वर्षांपूर्वी बंद पडली होती. कौलांवर पिंपळ उगवला होता. आता तिथं फक्त दगडोबामामा राहायचे, राखणीला. दुपारचे ते कार्यालयाच्या खोलीत लोखंडी खाटेवर आडवे असायचे. मुलं आत गेली, तेव्हाही आडवेच होते.

"मामा, जुन्या वह्या आहेत का इथं? मुलांच्या नावांच्या?"

"वाळवीनं खाल्ल्या," मामा डोळे न उघडता म्हणाले.

"सगळ्या?"

"समद्या. जावा आता. पडू द्या जरा."

कपाटं खरंच रिकामी होती. तळाशी मातीचा चुरा होता. नोएल परत फिरला, पण प्रिन्सी उंचीनं लहान असल्यामुळे तिला खाटेखालचं दिसलं. खाटेच्या चारही पायांखाली जाडजूड पुठ्ठ्याच्या वह्या होत्या. फरशीला ओल येते म्हणून मामांनी खाट उंच केली होती. उशाकडच्या डाव्या पायाखालच्या वहीच्या पाठीवर शाईनं लिहिलं होतं : १९५१ ते ५३.

तिनं नोएलला चिमटा काढला आणि बोट दाखवलं.

"मामा, जरा उठता का? आम्हाला ती वही..."

"खाट डुगडुगती मग. तीन दिवस लागलं मला ती सारखी कराया. न्हाई उठायचा."

पूनमनं दोघांना मागं सारलं. ती खाटेजवळ गेली, वाकली, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मामा, हलू नका. पायथ्याकडून आत गेलाय. काळा आहे."

दगडोबामामा एवढ्या वेगानं अंगणात गेले की त्यांचं पांघरूण वाटेतच राहिलं. नोएल आणि प्रिन्सीनं खाट उचलली, पूनमनं वही ओढली आणि त्या जागी बाहेरच्या ढिगातल्या दोन विटा सरकवल्या.

"सापडला का?" बाहेरून मामांनी विचारलं.

"गेला, मामा. खाट बघा, आता जास्त सारखी झालीय."

मामांनी दारातून वाकून खाट हलवून बघितली. ती हलली नाही. "म्हंजी साप नव्हताच," ते म्हणाले. मग वहीकडे बघून म्हणाले, "काय हाय त्यात येवढं?"

नोएलनं सांगितलं. मामा उंबऱ्यावर बसले. "दानिएलमास्तरांचं हाय व्हय? आधी नाव सांगायचं की रे. माझं अक्षर त्यांनीच गिरवून घेतलं, रात्रीच्या शाळंत." मग त्यांनीच खिडकी उघडून उजेड केला.

कडा वाळवीनं कुरतडलेल्या होत्या, पण मधली पानं शाबूत होती. डिसेंबरचं पान आलं. शाई तपकिरी पडली होती. नोएल बोट ठेवून वाचायला लागला.

"ता. १३ डिसेंबर १९५२. मुलगा, वय अंदाजे चार. बाजारतळावर एकटा आढळला. अंगात कडक ताप. नाव सांगत नाही. कुठला विचारता 'राहू' म्हणतो. राहण्यास राजी दिसतो. गाव : ठाऊक नाही. त्याच दिवशी नगरला दवाखान्यात पाठविला." त्यापुढं दुसऱ्या शाईत होतं : "फेब्रुवारीत बरा होऊन परत. नाव दानिएल ठेविले. सही, सुलक्षणा."

"राहू," प्रिन्सी म्हणाली. "राहतो नाही. राहू."

"बाईंना वाटलं, राहू का इथं, असं विचारतोय," नोएल म्हणाला. "त्यांनी विचारलं होतं कुठला, आणि त्यानं गावाचं नाव सांगितलं होतं."

"सुलक्षणाबाई वऱ्हाडातल्या," दगडोबामामा म्हणाले. "नवीनच आल्या हुत्या तवा. त्यास्नी भीमंकाठचं राहू कुठलं ठावं?"

पूनम ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती. तिच्या मस्करीचा पत्ता नव्हता. "तुझ्या पप्पांचं उत्तर सापडलं," ती म्हणाली. "पोर टाकून द्यायचं असेल, तर त्याच्याकडून गावाचं नाव पाठ करून घेतात का? उलट ते सांगता येऊ नये असंच बघतील. ताप भरलेलं चार वर्षांचं पोर स्वतःचं नाव सांगत नाही, पण गाव सांगतं. म्हणजे कुणी तरी ते त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. सापडावा म्हणून."

संध्याकाळी वही पप्पांच्या पुढ्यात होती. पप्पांनी ते पान वाचलं आणि पूनमचं बोलणं ऐकलं. मग ते उठले, आजोबांच्या खोलीत गेले आणि त्यांच्या पायाशी खाली बसले. मुलांना आतलं काही ऐकू आलं नाही. खूप वेळानं आजोबांचा आवाज आला. "वही इकडं आण, नोएल." त्यांनी चष्मा लावला आणि त्या एका शब्दावर बोट ठेवून बसून राहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पप्पांनी विश्वजीतला फोन केला आणि भाऊबीजेच्या दिवशी सकाळी शेजारच्यांची ओमनी मागून घेतली. पूनमही आलीच. न्हावऱ्यावरून पारगावला आले, भीमेचा पूल ओलांडला. दोन्ही बाजूंना ऊस होता आणि गुऱ्हाळांच्या चुलाण्यांचा गोडसर धूर रस्त्यावर उतरत होता. आजोबा पुढच्या सीटवर बसून प्रत्येक झाड बघत होते.

"काही आठवतंय का, आजोबा?" प्रिन्सीनं विचारलं.

"न्हाई गं," ते म्हणाले. "काहीच न्हाई. तेच वाईट वाटतंय."

विश्वजीत फाट्यावर उभा होता. पुण्यात नोकरी करणारा, पंचविशीचा मुलगा. तो आजोबांच्या पाया पडला आणि मग त्यांच्या कानांकडे बघतच राहिला. त्याचे कानही तसेच होते, पाळ्या गालाला चिकटलेल्या.

घरासमोर त्याचे वडील मारुतराव उभे होते. सोसायटीचे चेअरमन, पांढरी टोपी, दोन्ही हात मागं. ते धुरपदाबाईंचे थोरले चिरंजीव.

"या," ते म्हणाले, पण वाट सोडली नाही. "रागावू नका, आधी एक इचारतो. कागद काही आणलाय का संगती?"

"आणलाय," नोएल म्हणाला आणि त्यानं पिशवीतून वही काढली.

मारुतरावांचा चेहरा बदलला. "बघा. मी पोराला म्हणलं नव्हतं? मामाच्या वाट्याची जमीन आईकडं आली, आईची माज्याकडं. आता कागद घेऊन..."

"तसला कागद न्हाई तो," आजोबा म्हणाले. "मला जमीन नगो. लिहून पाहिजे तर आत्ता देतो. मला माझ्या बहिणीला एक विचारायचंय, मग मी जातो."

मारुतरावांनी हात पुढं घेतले. ते बाजूला झाले.

पडवीत धुरपदाबाई बसल्या होत्या. काटक, ठेंगण्या, डोक्यावर पदर. त्यांच्यासमोर पाट मांडला होता, भोवती रांगोळी, बाजूला ओवाळणीचं ताट. निरांजन अजून लावलं नव्हतं. प्रिन्सी पाटाजवळ गेली.

"तितं नगं बसू, लेकी," त्या म्हणाल्या. "त्यो माज्या भावाचा पाट हाय."

विश्वजीत हळू आवाजात म्हणाला, "सत्तर वर्षं मांडतेय. ज्यांना भाऊ नसतो त्या बाया चंद्राला ओवाळतात. आजी कधीच चंद्राला ओवाळत नाही. म्हणते, भाऊ हाय की मला. गावातल्या गावात लग्न करून घेतलं तिनं. बाहेर दिली तर तो आल्यावर त्याला घर कोण दाखवणार, म्हणून."

आजोबा खुर्चीवर बसले. धुरपदाबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं.

"कुठलं पाव्हणं?"

आजोबा खुर्चीच्या कडेला सरकले. "राहू," ते म्हणाले.

"राहूचं? मंग मी कशी वळखत न्हाई? कुनाचं तुमी? बाचं नाव काय?"

आजोबांना स्वतःच्या वडिलांचं नाव ठाऊक नव्हतं. अजून ते कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

"बापाचं नाव इसरलं," धुरपदाबाई हसल्या आणि सुनेकडे वळल्या. "बघ गं. माज्यावानीच झालंय ह्यांचं. च्या टाक त्यास्नी."

"आजी," पूनमनं विचारलं, "तुमचा भाऊ कुठं गेलाय?"

"बाजारला. शिरूरच्या." त्यांनी हात दाखवला, बरोब्बर शिरूरच्या बाजूला. "खडी फोडायच्या कामावर हुतो आमी, त्या वरल्या रस्त्याला. आई तापानं पडल्याली. मी नऊ वर्साची. बाळूला घेऊन बाजारात गेले, कुनी भाकर देतंय का बघाया. बाळासो त्याचं नाव. त्याचंबी आंग तापल्यालं. पानी पानी करत हुता. हौदावर ही रांग. म्हनलं, हितंच बस. उठू नगं. कुनी इचारलं तर नुसतं राहू सांग, मंग घरी आनून सोडत्यात. धा येळा घोकून घेतलं. आन् पानी आनाया गेले."

त्या ताटातल्या अक्षता बोटानं सारख्या करत राहिल्या.

"आले तवा न्हाई. आबांनी, माज्या बानं, समदं शिरूर पालथं घातलं. मिशनच्या बोर्डिंगलाबी गेलं. त्यांनी वही बघून सांगितलं, राहूचं पोर न्हाई हितं. आबा मरस्तवर माज्याशी धड बोललं न्हाईत." त्यांनी वर बघितलं. "इसरला आसंल वो त्यो. येवढंसं पोर. आनखी धा येळा घोकून घ्यायला पायजे हुतं म्या."

आजोबा खुर्चीवरून उठले आणि खाली, जमिनीवर त्यांच्यासमोर बसले.

"विसरलं न्हाई ते," ते म्हणाले. "सांगितलं त्यानं. राहूच म्हणलं."

"तुमास्नी काय ठावं?"

"लिवून ठेवलंय त्यांनी. नोएल, वाच."

नोएलनं वही उघडली. "कुठला विचारता राहू म्हणतो."

"फिरून वाच," धुरपदाबाई म्हणाल्या.

त्यानं पुन्हा वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग त्या पानावर हात ठेवून बघितलं, कोणती ओळ ते त्यांना कळत नसतानाही.

"मंग आनून का न्हाई सोडला?"

"बाईला वाटलं, राहू का हितं म्हणतोय. म्हणून ठेवून घेतलं."

"परमुलखाची आसंल," धुरपदाबाई म्हणाल्या. "खायाला दिलं का त्याला?"

"दिलं. औषध दिलं, शाळा दिली. मास्तर झाला तो."

"मंग माजं काय चुकलं न्हाई."

"न्हाई," आजोबा म्हणाले. "तुझं काही चुकलं न्हाई, आक्का."

त्यांनी मान तिरकी करून आजोबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ओळख पटली की नाही, हे तिथल्या कुणालाच सांगता आलं नसतं. डीएनएचा कागद विश्वजीतच्या हातात होता, पण तो पुढं करायचं त्याच्या मनात आलं नाही.

"उनं लई झाली," त्या म्हणाल्या. "आज काय त्यो येत न्हाई. तुमी बसा पाटावर. तुमास्नीबी कुनी बहीन न्हाई वाटतं."

आजोबा पाटावर बसले. धुरपदाबाईंनी निरांजन लावलं, त्यांच्या कपाळाला टिळा लावला, ओवाळलं. नंतर लाडूचा तुकडा त्यांच्या तोंडात घातला, लहान मुलाला भरवतात तसा. मारुतराव तोंड फिरवून अंगणात गेले.

निघताना मारुतराव ओमनीजवळ आले. नोएल, प्रिन्सी आणि पूनम या तिघांच्या हातात त्यांनी गुळाची एकेक ढेप दिली. "तवा मोठ्यांनी वही बघितली आन् पोर न्हाई म्हणलं," ते म्हणाले. "मी सोसायटीत पन्नास कागद वाचतो रोज. तुमी एकच वाचला, पन नीट वाचला. शाबास."

"मी तर वाचलंही नाही, पुसूनच टाकलं," पप्पा म्हणाले. पूनमला त्यावर बोलायचं होतं, नोएलनं तिचा पाय दाबला.

परतीच्या वाटेवर पूल गेल्यावर आजोबा म्हणाले, "हरवलो होतो." पुन्हा म्हणाले, "हरवलो होतो, सायमन." पप्पांनी गाडी थोडा वेळ बाजूला घेतली.

त्यानंतर आजोबा चार वेळा राहूला गेले. चारही वेळा धुरपदाबाईंनी त्यांना पाव्हणं म्हणूनच चहा दिला, आणि भावाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. चारही वेळा आजोबांनी ती नवीन असल्यासारखी ऐकली. "आबा धड बोललं न्हाईत," हे मात्र त्या आता सांगत नव्हत्या.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतरावांचा फोन आला. नोएलनं तो उचलून आजोबांच्या कानाला लावला.

"आई गेली," मारुतराव म्हणाले. "समदी जमल्यात. पन माहेरची साडी आल्याबिगर बाईला उचलत न्हाईत. ती तुमची, मामा. आमी थांबतो."

शिरूरच्या पेठेत एकच दुकान उघडलं होतं. आजोबांनी फिकट निळं नऊवारी लुगडं घेतलं, घडी उलगडून काठ दोनदा तपासला. दहाच्या सुमाराला ते राहूत पोचले. लोकांनी वाट दिली. आजोबांनी बहिणीच्या अंगावर लुगडं स्वतःच्या हातानं पसरलं, आणि खांदा द्यायला मारुतरावांच्या जोडीनं पुढं उभे राहिले.

धुरपदाबाई १६ जानेवारी २०२४ रोजी, मंगळवारी पहाटे, राहू इथं वारल्या. दानिएल आजोबा त्याच वर्षी ३ ऑगस्टला, शनिवारी दुपारी, शिरूर इथं वारले.